आत्या बंदूक आणणार, वहिनी नको म्हणते

(डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा : या वेळी दिवाळीच्या सुट्टीतली खेळणी)

प्रश्न : ताई, भाऊबीजेला माहेरी जाणारे. भाचा सात वर्षांचा, त्याला ती फोमच्या गोळ्या सुटणारी बंदूकच हवीये, फोनवर चार वेळा सांगून झालंय. वहिनी म्हणते डोळ्याला लागेल, नको. भाऊ म्हणतो अगं फोमच तर आहे, आम्ही बेचक्या घेऊन गावभर हिंडलो तेव्हा काय झालं? बॉक्सवर ८+ लिहिलंय, म्हणजे वर्षभराचाच तर फरक. घेऊ का? – एक आत्या, इचलकरंजी

उत्तर : भावाला सांगा, बेचकीचं ज्यांना लागलं नाही तेच मोठेपणी फुशारक्या मारतात, ज्यांना लागलं ते माझ्यासारखीच्या केबिनबाहेर बाकड्यावर बसलेले असतात.

आता फोमचं. दुकानात ती गोळी हातात घ्या आणि टोक अंगठ्याने दाबून बघा. फोम असतो तो नुसता दांडीला, टोकाला बहुतेक वेळा घट्ट रबराची टोपी असते, आणि डोळ्यावर येते ती टोपी. मोठा बॉल तोंडावर आला तर निदान भुवईचं आणि गालाचं हाड बराचसा मार खातं, पण ही गोळी इतकी बारीक की हाडांच्या मधून थेट आत. जेलच्या गोळ्यांच्या बंदुका मिळतात, पाण्यात फुगणारे मणी, त्यांचंही तेच, दिसायला साबुदाण्यासारखे पण जवळून लागले की डोळ्यात रक्त.

गेल्या सुट्टीत एक पोरगी आली होती, चार वर्षांची. खेळत होता तिचा दादा, ही बिचारी सोफ्यामागून डोकं वर काढायला आणि गोळी सुटायला एक गाठ. आई म्हणाली, वरून काहीच दिसत नाही हो, थोडं लाल आहे इतकंच. मशीनवर बघितलं तर बुबुळाच्या मागे तळाला रक्ताची बारीक रेघ, कपात चहाचा गाळ बसतो ना तशी. आठवडाभर उशीला टेकून बसवून ठेवलं, धावायचं नाही, उड्या नाही, चार वर्षांच्या पोरीला! रक्त गेलं, नजर आली, पण अशा माराने पुढे कित्येक वर्षांनी काचबिंदू होऊ शकतो म्हणून तिला आता दरवर्षी डोळ्याचं प्रेशर तपासायला यावंच लागणार.

म्हणून बॉक्सवरचं वय बघताना भाच्याचं वय बघू नका, त्या घरात सुट्टीला जमणाऱ्या सगळ्यात लहान पोराचं बघा. माझं मत विचाराल तर बंदूक नकोच. पण भाच्याने रडून घर डोक्यावर घेतलं आणि घ्यावीच लागली, तर माणसावर नेम धरायचा नाही, भिंतीवर खडूने गोल काढून द्या, आणि खेळणाऱ्या सगळ्यांना, बघणाऱ्यांनाही, पॉलिकार्बोनेटचे, म्हणजे न फुटणाऱ्या जाड प्लास्टिकचे गॉगल. नुसता चष्मा चालत नाही. जत्रेतला धनुष्यबाण असेल तर बाणाचं रबर ओढून बघा, निघालं हातात की खाली उरते ती काडी.

प्रश्न : आमच्या नातवाने यूट्यूबवर बघून पाइपची बंदूक मागितलीये, कार्बाइड आणि पाणी घालून आवाज काढतात ती. शेतात माकडं हाकलायला आम्हीही वापरतो, फटाक्यापेक्षा स्वस्त पडते. मुलांना द्यायला हरकत नाही ना? – एक आजोबा, जुन्नर तालुका

उत्तर : आजोबा, हात जोडते, देऊ नका. २०२५च्या दिवाळीत भोपाळमध्ये आणि मध्य प्रदेशातल्या इतर गावांत याच बंदुकीने कितीतरी पोरं हॉस्पिटलात पोचली, काहींची नजर गेली. होतं काय, लायटर दाबला, आवाज आला नाही, म्हणून पोरगं वाकून पाइपात बघतं, आणि नेमका तेव्हाच बार उडतो. नुसतं भाजत नाही, कार्बाइडवर पाणी पडलं की गॅस होतो आणि मागे उरतो तो चुना, तोच डोळ्यात जातो. चुना आत झिरपत जातो, बुबुळ पांढरं पडतं. तुमची तंबाखूची चुन्याची पुडीसुद्धा त्याच कारणासाठी पोरांच्या हाती लागू देऊ नका, दाबली की पिचकारी थेट डोळ्यात.

असं काही गेलंच तर दवाखान्यात पळायच्या आधी नळाखाली धरा, पापण्या उघडून, निदान पंधरा-वीस मिनिटं धुवा, कण दिसले तर तेही वाहून जाऊ देत, मग निघा. तूप, मध, गुलाबपाणी काही नको. पण टोकदार काही घुसलं असेल तर उलट, धुवायचं नाही, दाबायचं नाही, काढायचं तर अजिबात नाही, चहाचा कागदी कप हाडावर टेकेल असा उपडा ठेवून चिकटपट्टी लावा आणि तसेच या.

प्रश्न : लेझरवाली किचेन दहा-वीस रुपयांना मिळते, मांजराला खेळवायला मुलीला आवडते. चालेल? आणि ISI मार्क खेळण्यांवर असतो का खरंच? – वाशी

उत्तर : लेझर नको. भिंगाने ऊन गोळा करून कागद जाळायचो आपण, डोळ्याचं भिंग डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्यावर तेच करतं, आणि दुखत नाही म्हणून पोर सांगतही नाही. स्टिकरवर लेझरची ताकद पाच मिलिवॉटपेक्षा कमी लिहिलेली असते, पण रस्त्यावरच्या मालाचं स्टिकर खरं असेलच असं नाही.

मार्क असतो. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर सक्तीचा आहे. मार्काच्या वर IS 9873 (बॅटरीचं असेल तर IS 15644) आणि खाली CM/L ने सुरू होणारा परवाना नंबर बघा, तो बीआयएसच्या, म्हणजे हा मार्क देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की कंपनीचं नाव येतं. नंबर नसला तर नुसत्या मार्कावर जाऊ नका. सरकारकडे नोंद असलेल्या हस्तकला कारागिरांना सूट आहे, त्यामुळे सावंतवाडीच्या लाकडी भाज्या-फळांवर मार्क दिसला नाही तर घाबरू नका, कडेवरून अंगठा फिरवा, कूस लागली नाही आणि लहान तुकडा निघत नाही ना बघा, झालं. माझ्या भाचीला मी तीच देते, वांगं सगळ्यात आधी हरवतं.