सातबारा ऑनलाइन दिसतो, मग आजोबांच्या वेळचे फेरफार (जमिनीवरची नावं बदलल्याच्या नोंदी) का दिसत नाहीत? तलाठ्याच्या मागे न लागता ते मिळतील का?

तुम्ही लिहिलंय की आजोबांची जमीन आज चुलत घराच्या नावावर दिसते आणि ती तिकडे कधी, कशी गेली हे परगावी बसून शोधायचंय. बरंचसं शोधता येईल, सगळं नाही. मी वकिलांना जमिनीचे सर्च रिपोर्ट करून देतो, म्हणजे हे माझं रोजचंच काम.

महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर दिसतो तो आजचा सातबारा. फुकटची प्रत फक्त माहितीपुरती असते. डिजिटल सहीचा उतारा 15 रुपयांत निघतो, तो काढा. पिकांचा रकाना सोडा आणि खातेदाराच्या नावाशेजारी कंसात जो आकडा आहे तो बघा. तो फेरफार क्रमांक. समजा (612) असेल, तर गाव नमुना 6 मधली, म्हणजे फेरफार नोंदवहीतली, 612 ची नोंद काढायची. नाव वारसाने लागलं, खरेदीने, वाटपाने की कोर्टाच्या हुकमाने, ते तिथे लिहिलेलं असतं. मग त्याआधीचा सातबारा, त्यावरचा फेरफार, असं एकेक करत मागे जायचं. मधे गटवारी (तुकडे एकत्र करून नवे गट पाडणं) झालेली असेल तर सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आलेला असतो आणि माग तुटतो. तिथे कुठल्या सर्व्हे नंबरचा कुठला गट झाला हे सांगणारा एकत्रीकरणाचा उतारा लागतो. तो तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मागा.

तुमच्या प्रकरणात मी आधी एकच गोष्ट शोधेन. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असं लिहिलंय का? एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे जमीन सगळ्या भावांची, नाव फक्त कारभार बघणाऱ्याचं. सातबाऱ्याची पानं भरली की नवी लिहिली जायची, आणि अशा एखाद्या पुनर्लेखनात ही तीन अक्षरं गळायची. कधी नजरचुकीने, कधी कुणाच्या तरी सोयीने. पुढे संगणकावर चढवताना शेवटचं हस्तलिखित पान समोर होतं, त्यामुळे थोरला भाऊ एकटाच मालक होऊन बसला. असं झालं असेल तर आजच्या ऑनलाइन उताऱ्यात त्याचा मागमूस नसतो आणि कुठला फेरफारही सापडत नाही, कारण झालेलाच नसतो! म्हणून फक्त फेरफार मागू नका, जुन्या सातबाऱ्यांच्या सलग प्रती मागा.

जुन्या कागदांचे स्कॅन ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर आहेत. आधी तुमचा जिल्हा तिथे आहे का बघा. असला तरी पान उलटं, अर्धं किंवा भलत्याच गावाखाली टाकलेलं निघू शकतं. अगदी जुनी नोंद मोडीत असेल तर स्कॅन समोर असूनही वाचता येणार नाही, मोडी वाचक गाठावा लागेल. खरेदीखताचा संशय असेल तर नोंदणी विभागाचा ई-सर्च बघा, पण मुंबईबाहेर तो साधारण 2002 पासूनचेच दस्त दाखवतो. त्याआधीचे दस्त शोधायचे ते दुय्यम निबंधक कार्यालयात सूची 2 (नोंदलेल्या दस्तांची यादी) बघून.

जे ऑनलाइन नाही ते तहसीलच्या अभिलेख कक्षात. बरेच लोक इथे माहितीच्या अधिकाराचाच अर्ज करतात, पण जमीन महसूल संहितेच्या (1966) कलम 327 प्रमाणे नकाशे आणि भूमी अभिलेख जनतेला बघायला खुले आहेत आणि फी भरून नक्कल मिळते. आधी साधा नकलेचा अर्ज करा. टोलवाटोलवी झाली तरच माहिती अधिकार: 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून टपालाने अर्ज, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. ‘आमचं नाव का कमी केलं’ असं विचारू नका, कारण ‘का’ला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. गाव, सर्व्हे नंबर, गट नंबर आणि कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंतच्या प्रती हव्यात एवढंच लिहा. गावाकडे जाणं होणार असेल तर प्रतींऐवजी अभिलेख पाहणी मागा. पहिल्या तासाला फी नाही, आणि समोर आख्खं रजिस्टर आलं की न मागितलेलंही दिसतं.

30 दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा ‘अभिलेख आढळून येत नाही’ असं छापील उत्तर आलं, तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील टाका. त्यात विचारा की अभिलेख नियमाप्रमाणे नष्ट केला असेल तर नष्ट केल्याची नोंद द्या. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियमात कागद बेकायदा नष्ट करण्याला 5 वर्षांपर्यंत कैद आहे; अपिलात त्याचा उल्लेख आला की न सापडणारं बाड पुष्कळदा सापडतं, असा अनुभव आहे.

प्रत हातात आली म्हणजे जमीन आली असं नाही. फेरफार चुकीचा असेल तर प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) अपील, तेही मुदतीबाहेर गेलेलं असणार म्हणून विलंबमाफीच्या अर्जासह. मालकीचाच वाद असेल तर दिवाणी कोर्ट. वकिलाकडे जाताना सगळे उतारे सालवार लावून न्या.