रोबो ब्लॉकचेनवर टाकण्याआधी हे बघ

अरे, रोबो ब्लॉकचेनला (बऱ्याच कॉम्प्युटरवर प्रत असलेली सामायिक नोंदवही, पुढे नुसतं चेन) जोडायचाय तर कुठलं टोकन (चेनवरचं डिजिटल नाणं) घेऊ असं विचारतोयस, पण ते नंतर, आधी तुझा रोबो चेनवर काय लिहिणारे ते ठरव, कारण इथेरियमसारख्या पब्लिक चेनवर गेलेलं परत पुसता येत नाही, आणि नाव नाही नुसता वॉलेट अ‍ॅड्रेस (चेनवरचा खाते क्रमांकच म्हण) दिसतो म्हणून निवांत राहू नकोस, रोज रात्री ठरलेल्या वेळी एकाच गोदामाकडून पेमेंट येत असेल तर रोबो कुणाचा आणि कुठे राबतो हे कुणीही शोधून काढेल. फोटो, घराचा नकाशा वगैरे एन्क्रिप्ट करून (किल्लीशिवाय वाचता येणार नाही असं करून) चेनबाहेरच ठेव, चेनवर फक्त हॅश (डेटावरून काढलेला ठशासारखा कोड), तोही सॉल्ट (गुप्त ठेवलेली रँडम आकडे-अक्षरं) घालून, नाहीतर फोन नंबरचा हॅश सगळे नंबर ट्राय करून सहज फोडतात.

'काम झालं' या मेसेजवर रोबोची डिजिटल सही बरोबर आली तरी फरशी खरंच पुसली का हे चेनला काय कळणार! म्हणून पैसे एस्क्रोत (काम पटेपर्यंत मधेच अडकवून) ठेव, गिऱ्हाईक हो म्हणालं की मगच सोड.

बाकी गळती बऱ्याचदा माणसांकडून होते. रूंबा या घर झाडणाऱ्या रोबोच्या चाचणीतल्या मशिन्सनी टिपलेले घरातले खाजगी फोटो 2020 मध्ये लेबलिंगवाल्या (फोटोत काय काय आहे ते नोंदवणाऱ्या) कामगारांकडून सोशल मीडियावर गेले होते, तिथे चेन असून काय उपयोग झाला असता? त्यामुळे डेटा कोण कोण बघतं हे रोबोच्या कंपनीला लेखीच विचार.