सॉफ्टवेअर कंपनीतील करारांचे काम आणि सनद

जळगावच्या न्यायालयातील वकिली सोडून पुण्यातील वाढत्या सॉफ्टवेअर कंपनीत करारांचे काम पाहणारी पूर्णवेळ नोकरी धरावी का, असे आपण विचारले आहे. वकिलांचे देशभर नियमन करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम 49 नुसार अशा पगारी नोकरीत असताना वकिली करता येत नाही. म्हणून रुजू होताच, सनद म्हणजे वकिलीचा परवाना देणाऱ्या बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाला तसे अवश्य कळवावे. मी धुळ्याहून असाच गेलो. विक्री विभागाला तिमाही संपण्याआधी सही हवी असते आणि ग्राहकाच्या मसुद्यात ‘अमर्याद दायित्व’ हे दोनच शब्द असतात, म्हणजे नुकसान झाल्यास कंपनीने कितीही भरपाई द्यायची. तिथे वर्षभराच्या शुल्काइतकी मर्यादा घालून घेण्यासाठी मी रात्री अकरापर्यंत फोनवर बसलो आहे. करार कायदा, 1872 मधील करारभंगाच्या भरपाईची कलम 73 व 74 पक्की करा. मोडलेले करार न्यायालयात पाहिलेला माणूस मसुदा अधिक सावधपणे वाचतो, म्हणून माझ्या मते आपण जावे.