ब्लास्टला न सापडलेला आरएनए

प्रश्न : मी एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ई. कोलायमधला लोह वाचवणारा छोटा आरएनए, आरवायएचबी, मी स्यूडोमोनास एरुजिनोसा या जिवाणूच्या जीनोममध्ये ब्लास्ट (अक्षरांचा क्रम जुळवून साम्य शोधणारा संगणक-प्रोग्रॅम) लावून शोधला. काहीच मिळालं नाही. म्हणजे त्या जिवाणूत ही सोयच नाही का? आणि असे आरएनए आदिम 'आरएनए-जगा'चे (प्रथिनं आणि डीएनए येण्याआधी आरएनएवरच चालणाऱ्या जीवसृष्टीचे) अवशेष समजायचे का?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : सोय आहे. स्यूडोमोनासमध्ये हेच काम पीआरआरएफ-1 आणि पीआरआरएफ-2 हे शेजारी-शेजारी बसलेले जुळे आरएनए करतात. 2004 मध्ये ते प्रसिद्ध झाले. आरवायएचबीशी त्यांची अक्षरं, म्हणजे साखळीतल्या कड्यांचा क्रम, जुळत नाहीत, म्हणून ब्लास्टने हात टेकले.

आरवायएचबी मी स्वतः नॉर्दर्न ब्लॉटवर (जेलवर वेगळ्या केलेल्या आरएनएमधून हवा तो दाखवणाऱ्या चाचणीत) पाहिला आहे. वाढत्या कल्चरमध्ये डायपिरिडिल घातलं की ते लोह पकडतं, माध्यमाला फिकट गुलाबी झाक येते. घालण्याआधीच्या नमुन्याची लेन एक्स-रे फिल्मवर कोरी होती, दहा मिनिटांनंतरच्या लेनमध्ये काळाभोर पट्टा! लोह भरपूर असताना फर हे प्रथिन त्या जनुकाच्या प्रमोटरवर (आरएनए-नक्कल जिथून सुरू होते त्या जागेवर) बसून असतं. लोह संपलं की ते उठतं, आणि जेमतेम 90 अक्षरांचा हा आरएनए भराभर तयार होतो. एचएफक्यू प्रथिनाच्या मदतीने तो सक्सिनेट डीहायड्रोजिनेजसारख्या लोहखाऊ प्रथिनांच्या संदेशांना (ती बनवण्याची सूचना नेणाऱ्या आरएनएना) चिकटतो, आणि ते संदेश वाचलेच जात नाहीत. नळाला पाणी कमी आलं की आपण आधी अंगण धुणं थांबवतो, तसंच हे. पीआरआरएफवरही फरचाच पहारा असतो, आणि त्यांनी दाबलेले संदेशही बरेचसे तेच.

जमिनीत राहणाऱ्या बॅसिलस सबटिलिसमध्ये याच कामाला एफएसआरए नावाचा तिसराच आरएनए आहे. ही एकाच घराण्याची पांगलेली भावंडं नव्हेत. गरज सारखी पडली आणि उपाय वेगवेगळ्या घरांत नव्याने निघाला, असंच मला यातून दिसतं.

नव्याने निघणं इतकं सोपं कसं? प्रथिनासाठी शेकडो अक्षरं तीन-तीनच्या वाचनाची चौकट न मोडता जुळावी लागतात. इथे एक प्रमोटर, शेवटी एक टर्मिनेटर (नक्कल थांबवणारी खूण) आणि संदेशाशी जुळणारी सात-आठ अक्षरं, एवढ्यावर सुरुवात होते. एमआयटीतल्या एका गटाने 2018 मध्ये ई. कोलायच्या लॅक्टोज जनुकांचा प्रमोटर काढून तिथे सुमारे शंभर अक्षरांचे यादृच्छिक क्रम बसवले. त्यातले साधारण 10 टक्के तसेच प्रमोटर म्हणून चालले, आणि 60 टक्क्यांना एकच म्यूटेशन पुरलं. टर्मिनेटर तर जुन्या जनुकांच्या शेपटाला आयता असतो. सीपीएक्सक्यू हा आरएनए सीपीएक्सपी जनुकाच्या संदेशाचं शेपूट तुटूनच बनतो. साल्मोनेलातला इन्व्हआर बाहेरून आलेल्या रोगकारक जनुकांच्या तुकड्यावर बसला आहे, आणि दाबतो मात्र जिवाणूच्या बाह्यपटलावरच्या ओएमपीडी प्रथिनाला. याला अवशेष कसं म्हणायचं?

तुमच्या दुसऱ्या प्रश्नात तथ्य आहे ते 6एस आरएनएपुरतं. 1967 मध्ये सापडला, काम कळायला 2000 साल उजाडलं. तो आरएनए पॉलिमरेजला, म्हणजे जनुकाची आरएनए-नक्कल काढणाऱ्या यंत्रालाच, पकडून ठेवतो, आणि जिवाणूंच्या बहुतेक मोठ्या गटांत आहे, त्यामुळे तो फार जुना असणार. तिथेही अक्षरांपेक्षा घडीचा आकार जास्त टिकलाय.

आता शोध असा घ्या : दोन जनुकांमधल्या मोकळ्या जागेत फर बसण्याची खूण पाहा, तिच्यापुढे शे-दीडशे अक्षरांत टर्मिनेटर आहे का ते तपासा, मग नॉर्दर्न लावा. आरएनए काढताना साधं कॉलम किट वापरू नका. त्यात 200 अक्षरांहून छोटा आरएनए बहुतेक धुऊन जातो. आमच्या वेळी जेलच्या तळाचा धूसर भाग 'तुटका आरएनए' म्हणून सोडून देत. आधी तोच भाग नीट बघा.