ढगातल्या बर्फाचा आकडा काढण्याआधी

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

मायक्रोवेव्ह लहरींनी ढगातला बर्फ मोजायचा म्हणतोस, तर पाऊस मोजणाऱ्या जीपीएम उपग्रहावरच्या जीएमआय रेडिओमीटरपासून (खालून येणाऱ्या मायक्रोवेव्ह मोजणारं उपकरण) सुरुवात कर. 2014 पासूनची मोजमापं नासाकडून मोफत मिळतात. त्यात 10 ते 89 गिगाहर्ट्झचे चॅनेल (प्रत्येक म्हणजे एक ठरावीक वारंवारता) जमिनीवरच्या उभ्या रेषेशी 52.8 अंशांतून बघतात आणि 166 व 183 चे 49.1 अंशांतून. त्यामुळे दोन्ही गटांतला एकाच क्रमांकाचा पिक्सेल एकाच जागेचा नसतो. दोन्ही जुळवलेली 1सी-आर फाइलच घे. वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते. कुलाब्याच्या रडारचं चित्र शेजारी ठेवण्याआधी त्यावरची वेळ कोणती ते बघ; भारतीय असेल तर साडेपाच तास मिळव.

बर्फ मायक्रोवेव्ह फारशी शोषत नाही, विखुरतो. खालच्या दमट हवेतून वर येणारं प्रारण वाटेतच बाजूला फेकलं जातं, म्हणून उपग्रहाला ढग थंड दिसतो. 183 ला तरंगलांबी 1.64 मिलिमीटर. कण तिच्याहून बरेच लहान असतील तोवर विखुरणं व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतं, वस्तुमान मात्र तिसऱ्या. म्हणजे तेवढाच बर्फ दुप्पट व्यासाच्या कणांत असला तर परिणाम आठपट! या दिसणाऱ्या तापमानातली तीच घट थोड्या मोठ्या कणांनी येते, तशी पुष्कळ बारीक कणांनीही. सगळी गोम इथे आहे. एका चॅनेलवरून बर्फाचा आकडा काढायच्या फंदात पडूच नकोस.

मुंबईसाठी आधी 183±7 (183 च्या दोन्ही बाजूंना 7 गिगाहर्ट्झवरचा चॅनेल) आणि 166 बघ. पावसाळ्यात इथे इतकी वाफ असते की त्यांना जमीन-समुद्र जवळजवळ दिसत नाही. 89 ला दिसतात, आणि किनाऱ्यावर अर्धं पाणी असलेला थंड पिक्सेल बर्फ वाटतो. तो चॅनेल नंतर घे. शिवाय तिरक्या नजरेमुळे 10 किलोमीटर उंचीवरचा बर्फ नकाशावर साडेअकरा किलोमीटर पलीकडे उमटतो. दादरचा ढग अंधेरीला! रडारशी जुळत नाही म्हणून उपकरणाला दोष देण्याआधी हे सरकवून बघ.

166 च्या उभ्या आणि आडव्या ध्रुवणात (लहरीच्या कंपनाच्या दिशेत) दिसणाऱ्या तापमानांतला फरक मला सगळ्यात मोलाचा वाटतो. वादळाच्या पसरलेल्या माथ्यात चपटे कण आडवे तरंगतात, तिथे तो 10 केल्विनच्या आसपास जातो. गाभ्यात गारा गडगडत असतात. तिथे तापमान खूप पडतं, पण फरक आटतो. तापमानाचा आणि फरकाचा, दोन्ही नकाशे नेहमी जोडीने वाच.

पहिला नमुना जुलैचा घेऊ नकोस. कोकणातला तो पाऊस बराचसा 5 किलोमीटरच्या आसपासच्या गोठणरेषेखालीच तयार होतो. दादरच्या हिंदमाताला गुडघाभर पाणी आणि 183 च्या चित्रात जवळपास काहीच नाही, असं सर्रास होतं. मेअखेरचा वळीव किंवा ऑक्टोबरचं गडगडाटी आभाळ घे.

मग ईआरए5 (हवामानाची जुनी स्थिती पुन्हा मांडणारा युरोपीय विदासंच) मधलं तापमान आणि आर्द्रता आरटीटीओव्ही-स्कॅटला (उपग्रहाला काय दिसेल ते काढणारी संगणकप्रणाली) देऊन आधी निरभ्र आकाशाचं गणित कर. निरभ्र पिक्सेल दोन-तीन केल्विनच्या आत जुळेपर्यंत बर्फाला हात लावू नकोस. नाहीतर आर्द्रतेची चूक बर्फाच्या नावावर जमा होते. बर्फ घालताना गोल कणांवर थांबू नकोस. गोल कणाला आडवं-उभं नसतं, त्यामुळे 166 चा एवढा फरक त्यातून निघत नाही. निदान तीन वेगवेगळ्या आकृतींचे कण चालव आणि उत्तरांत जेवढी तफावत येईल तेवढी सगळी लिही. मार्गदर्शकांना एकच आकडा हवा असला तरी.

पहिले दोन नकाशे झाले की त्याच वेळचं रडारचं चित्र घेऊन ये. सरकवलेलं आणि न सरकवलेलं, दोन्ही आण.