डेट्रॉइटला छोटी इलेक्ट्रिक गाडी का नको असते

डेट्रॉइटच्या, म्हणजे अमेरिकी कार कंपन्यांना छोटी, स्वस्त इलेक्ट्रिक गाडी जमत नाही की करायचीच नाही, असं तुम्ही विचारलंय. जमते, आणि त्यांनी केलीही आहे. शेवरोले बोल्ट बघा. 2023 साली किंमत साधारण 26,500 डॉलरपासून, रेंज (एका चार्जमध्ये कापायचं अंतर) 259 मैल, आणि त्या एका वर्षात अमेरिकेत 62,000 हून जास्त विकल्या गेल्या. जनरल मोटर्सची दुसरी कुठलीच इलेक्ट्रिक गाडी तेव्हा इतकी खपत नव्हती. तरी त्याच डिसेंबरात उत्पादन थांबवलं, कारण मिशिगनमधल्या ओरायन कारखान्यात इलेक्ट्रिक पिकअप बनवायचे होते. ते लांबत गेलं, आणि 2025 मध्ये ठरलं की तिथून आता पेट्रोलवरचे पिकअप आणि एस्कलेड ही मोठी एसयूव्ही निघतील. मला याचं आजही वाईट वाटतं.

यामागे नफ्याचं गणित आहे. गाडी लहान केली की पत्रा आणि रबर थोडं वाचतं. एअरबॅग, क्रॅश टेस्ट, सॉफ्टवेअर, चार्जिंगची इलेक्ट्रॉनिक्स यांचा खर्च मात्र फारसा हलत नाही. बॅटरीचंही तसंच. एका चार्जवर अडीचशे मैल जायचं तर छोट्या गाडीलाही साठ-पासष्ट किलोवॉट-अवरची बॅटरी लागते, आणि गाडीतला सर्वात महाग भाग तोच. साठ-सत्तर हजार डॉलरच्या पिकअपमध्ये हा सगळा खर्च सामावून वर नफा उरतो, पंचवीस हजारांच्या गाडीत जेमतेम. फोर्डच्या इलेक्ट्रिक विभागाला 2024 मध्ये 5 अब्ज डॉलरहून जास्त तोटा झाला. शिवाय फोर्डने उत्तर अमेरिकेत आपल्या पेट्रोल सेडान बंद करायचं 2018 मध्येच जाहीर केलं होतं. म्हणजे डेट्रॉइटने छोट्या गाडीचा नाद आधीच सोडला होता, इलेक्ट्रिकचा प्रश्न नंतर आला.

सरकारी नियमही मोठ्या गाडीच्याच बाजूने झुकलेले. मायलेजचं लक्ष्य गाडीच्या 'फूटप्रिंट'वर, म्हणजे चार चाकांमधल्या क्षेत्रफळावर ठरतं. गाडी जितकी मोठी तितकं लक्ष्य सोपं. त्यात 1964 पासून आयात पिकअपवर 25 टक्के कर आहे, त्यामुळे तिथे परदेशी स्पर्धा फार कमी. माल-माणसांसकट कमाल वजन 6,000 पौंडांपेक्षा जास्त असलेली गाडी धंद्यासाठी घेतली तर करात वजावटही मोठी मिळते. एवढं सगळं एकाच दिशेने ढकलत असताना लहान गाडी कोण बनवेल?

मला सर्वात जास्त खटकतं ते वेगळंच. 2020 मध्ये चीनमध्ये वुलिंग होंगगुआंग मिनी ईव्ही आली, किंमत 28,800 युआनपासून, म्हणजे तेव्हाचे जेमतेम चार हजार डॉलर. ती बनवणाऱ्या कंपनीत जनरल मोटर्सची 44 टक्के भागीदारी! ती गाडी तशीच्या तशी अमेरिकी सुरक्षा नियमांत बसणार नाही, हे कबूल. पण स्वस्त गाडी कशी घडवायची हे डेट्रॉइटला ठाऊक नाही, असं म्हणायला जागा उरत नाही. चीनमध्ये स्पर्धकांच्या गर्दीत टिकायला भाव पाडावा लागतो. अमेरिकेत 2024 पासून चिनी इलेक्ट्रिक गाड्यांवर 100 टक्के आयात शुल्क आहे. कामगारांच्या नोकऱ्या वाचवायला संरक्षण द्यावं, माझा विरोध नाही. पण बदल्यात कंपन्यांकडून परवडणारी गाडी मागून घ्यायला हवी होती, आणि तशी अट कुणी घातली नाही. त्यातच इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्याला मिळणारी 7,500 डॉलरपर्यंतची करसवलत सप्टेंबर 2025 अखेर संपली.

बोल्ट आता परतली आहे, 29,000 डॉलरच्या आतबाहेर, पण कंपनी स्वतःच तिला मर्यादित काळापुरती म्हणते. फोर्डने 2027 साठी 30,000 डॉलरच्या आसपासचा मध्यम इलेक्ट्रिक पिकअप जाहीर केलाय.

तुम्हाला लगेच गाडी हवी असेल तर जुनी बोल्ट बघा. फक्त 2021 मध्ये बॅटरीला आग लागण्याच्या धोक्यामुळे तोवर बनलेल्या सगळ्या बोल्ट रिकॉल झाल्या होत्या, म्हणजे कंपनीने दुरुस्तीसाठी परत बोलावल्या होत्या. त्यामुळे व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक टाकून रिकॉलचं काम झालंय का, आणि बॅटरी बदलली की नुसतं सॉफ्टवेअर टाकलं, हे डीलरकडून लेखी घ्या. बॅटरी बदललेली मिळाली तर तीच घ्या.