बोट लागत असेल तर केबिन मधलीच घ्या

ताई, गाडी लागते म्हणता, म्हणजे बोटही लागू शकते. म्हणून मुंबई-गोवा क्रूझचं बुकिंग करताना आधी जहाजाचा डेक प्लॅन, म्हणजे कोणत्या मजल्यावर कोणती केबिन कुठे आहे ते दाखवणारा नकाशा, उघडा, खिडकी-बाल्कनीचं नंतर बघू.

लाटेवर जहाज सी-सॉसारखं वरखाली होतं. टोकं सगळ्यात जास्त हलतात, मधला भाग सगळ्यात कमी. आडवं डोलणंही जितकं वर जाल तितकं जास्त जाणवतं. त्यामुळे केबिन लांबीच्या मध्यावर आणि खालच्या डेकवर हवी. माझ्या पहिल्या सफरीत अगदी पुढची, वरच्या मजल्यावरची केबिन होती. रात्रभर कपाटातले हँगर एकमेकांवर आपटत होते आणि प्रत्येक लाटेला पोटात गोळा येत होता. पुढच्या वेळी मधली, खालची घेतली, तर टेबलावरचा पाण्याचा ग्लाससुद्धा जागचा हलला नाही.

एक मात्र सांभाळा. ‘गॅरंटी’ केबिन स्वस्त मिळते, पण नंबर कंपनी ठरवते. तुम्ही ती घेऊच नका. थोडे जास्त पैसे गेले तरी नंबर स्वतः निवडा.

बाल्कनी की खिडकी? क्षितिज दिसलं की डोक्याला बरं वाटतं, म्हणून खिडकी हवीच. पण मधली बिनखिडकीची आणि टोकाची बाल्कनीवाली यांत निवडायचं झालं, तर मी मधलीच घेईन. मळमळलं तर उघड्या डेकवर जाऊन उभं राहता येतं.

गोळी डॉक्टरांना विचारून ठेवा आणि जहाज सुटण्याआधीच घ्या. उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही.